पापडाच्या डब्यातल्या फॅक्टऱ्या

माझ्या आईच्या पापडाच्या डब्यांत एकेकाळी सिल्वासातल्या आमळीपासून मसाटपर्यंतच्या आठ-नऊ फॅक्टऱ्या सुखानं नांदत होत्या. थट्टा करत नाही. एका डब्यात प्लॅस्टिकच्या बादल्यांवाले, दुसऱ्यात औषधाच्या गोळ्यांवाले, तिसऱ्यात सूत पिळणारे. म्हणजे त्यांच्या कंप्युटरमध्ये जे काही होतं त्याची नक्कल फ्लॉप्यांवर उतरवलेली, आणि त्या फ्लॉप्या आमच्या टोकरखाड्याच्या घरात, फळीवर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. आता माझा भाचा उठताबसता "क्लाउड, क्लाउड" करतो तेव्हा मला हसू येतं. आमचा क्लाउड स्वयंपाकघरात होता आणि त्याला हिंगाचा वास यायचा.

बाबा रत्नागिरीकडचे, सिल्वासाच्या शाळेत मास्तर. मी वापीला कंप्युटरचा कोर्स केला आणि नोकरी न करता मोपेड घेऊन एकटीच धंद्याला लागले. त्या काळी कर माफ म्हणून इथं भराभर फॅक्टऱ्या उभ्या राहत होत्या. शेठ मुंबईत, मशीनं इथं. प्रत्येकानं एक-दोन कंप्युटर घेतलेले. ते थंड खोलीत ठेवायचे, चपला बाहेर काढायच्या, दसऱ्याला हार घालायचा. देवाचं सगळं करायचे, पण आतला माल एखाद्या दिवशी उडाला तर काय, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात यायचा नाही. तो प्रश्न घेऊन मी दारोदार फिरायचे. मला फ्लॉपीवाली बाई म्हणत. पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील, कारण माझं तोंड पहिल्यापासून तिखट.

माझा धंदा सोप्या शब्दांत सांगते. कंप्युटरला रोग बाहेरून येतो, बहुतेक वेळा कुणीतरी आणलेल्या फ्लॉपीतून. म्हणून फ्लॉपी घालायच्या फटीलाच कुलूप लावायचं. छोटं कुलूप मिळायचं, स्वस्त असायचं, आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवायची. चार कंप्युटर काळ्या वायरनं जोडलेले असतील तर चारपैकी तीन कंप्युटरच्या फटी मी काढूनच टाकायचे. एकच दार असलं की राखण सोपी. आणि रोज नाही तर निदान आठवड्याला सगळ्याची नक्कल काढायची. ती नक्कल मात्र कंप्युटरच्या छपराखाली झोपता कामा नये. आग लागली, पाणी शिरलं, चोर आला, तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदम जाणार ना! बस, एवढंच. महागडं काही नाही. पण लोकांना स्वस्तातलं पटत नाही. एका शेठनं मला विचारलं, "बेन, ये वायरस हवा से आता है क्या?" मी नाही म्हटलं तरी त्यानं कंप्युटरच्या मागे डांबराच्या गोळ्या ठेवल्याच. दुसऱ्या एकानं पडद्यावर लिंबू-मिरची टांगली. मी म्हटलं, लिंबू राहू द्या, पण बरोबर कुलूपही लावा.

नक्कल बाहेर ठेवायची तर कुठे? शेजारच्या फॅक्टरीत कुणी ठेवायला तयार नाही, सगळे एकमेकांचे वैरी. मग म्हटलं, आमच्या घरी ठेवा. पण इथल्या पावसाळ्यात फ्लॉप्यांवर बुरशी यायची. आतल्या तबकडीवर पांढरे ठिपके, की गेली कामातून. मी डोक्याला हात लावून बसले होते तेव्हा आई म्हणाली, "अगो, माझे पापड गेल्या उन्हाळ्यातले अजून कुरकुरीत आहेत. तुझ्या त्या चकत्या पापडाहून नाजूक आहेत का?" तिनं घट्ट झाकणाचे डबे रिकामे करून दिले. झाकणाखाली जुन्या मलमलीचा तुकडा लावायचा, ही तिचीच युक्ती. आमच्या घरात एकाही फ्लॉपीला कधी बुरशी आली नाही. आईनं त्याबद्दल माझ्याकडून कधी मेहनताना घेतला नाही, फक्त टोमणे मारले.

सूत पिळणाऱ्या फॅक्टरीत शोभा पाटील होती. अमळनेरकडची, नवरा दुसऱ्या फॅक्टरीत कंत्राटावर. ऑफिसात सगळे पुरुष आणि ही एकटी बाई. टायपिंग शिकलेली, तेवढ्यावर कंप्युटरवर बसवली, आणि बघता बघता अशी तयार झाली की कुठला माल कुठल्या गाडीनं गेला हे पडद्यापेक्षा आधी ती सांगायची. तिथल्या कुलपाची किल्ली मी तिच्याच हातात दिली होती. नक्कल आमच्या घरी आणायचं कामही तिचंच. मॅनेजर म्हणाले होते, "हां हां, ले जाओ, मुंबई को क्या बताना." सगळं तोंडी.

दर शनिवारी शोभा स्टीलच्या डब्यात फ्लॉप्या घालून किलवणी नाक्याला उतरायची आणि चालत आमच्याकडे यायची. नव्या फ्लॉप्या आई पापडाच्या डब्यात ठेवायची, जुन्या तिला परत द्यायची. आता कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं का? आई जुन्या फ्लॉप्या तिला कापडी पिशवीत द्यायची आणि डब्यात काहीतरी घालायची. कधी आमसुलं, कधी कुळथाचं पीठ, कधी लाडू. शोभाही पुढच्या वेळी फ्लॉप्यांच्या जोडीला वेगळ्या पुडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन यायची. आई पहिल्यांदा तो ठेचा खाऊन घामाघूम झाली. "माय वं, मावशी! पाणी नका पिऊ, गूळ खा," म्हणत शोभा हसून हसून खाली बसली.

मी घरी पोचायचे तेव्हा दोघी ओट्याशी बोलत बसलेल्या असायच्या. आई तिला समुद्राच्या गोष्टी सांगायची, ती आईला बोरी नदीच्या. शोभानं समुद्र पाहिला नव्हता. इथून दमण किती लांब? पण तिला वेळ मिळाला तर ना. मला त्या शनिवारांची इतकी आठवण येते की कधीकधी छातीत दुखतं. माझ्या सगळ्या धंद्यातलं मला तेवढंच परत हवंय. दुसरं काही नको.

एका पावसाळ्याच्या अखेरीस शेठचा पुतण्या मुंबईहून आला. त्याला छोटे शेठ म्हणायचं. काम शिकायला पाठवला होता, पण त्याला वेळ जात नव्हता. त्यानं खेळांची फ्लॉपी आणली आणि शोभाकडे किल्ली मागितली. तिनं एकदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा तो ओरडला, "फॅक्टरी तुम्हारी है या हमारी?" मालकाच्या घरच्या माणसाला ती किती वेळा नाही म्हणणार? किल्ली दिली.

तीन-चार दिवसांनी सकाळी कंप्युटर सुरू केला तर काळा पडदा आणि इंग्रजीत एकच ओळ, की आत काहीच सापडत नाही. शोभानं घाईघाईनं आमच्याकडून परत नेलेली जुनी नक्कल त्यात घालून बघितली. तीही गेली. आजारी मशीनमध्ये नक्कल कधी घालू नये, हे मी सांगितलं होतं, पण अशा वेळी कुणाला आठवतं? छोटे शेठनी खेळाची फ्लॉपी खिशात टाकली आणि मुंबईला फोन लावला. म्हणाले, पाटीलबाईंनी मुद्दाम सगळं पुसलं. शिवाय ही बाई दर शनिवारी डब्यातून फॅक्टरीचा डेटा बाहेर नेते, गेटवर कुणालाही विचारा.

आणि ते खरंच होतं की! नेत होती. माझ्याच सांगण्यावरून नेत होती. मॅनेजरांकडे सगळ्यांनी पाहिलं. मॅनेजर म्हणाले, "मुझे पूरी जानकारी नहीं थी."

त्या दिवशी सुटताना गेटवर शोभाची पिशवी उघडली. जेवणाचा डबा उघडला. रुमाल झटकून पाहिला. शिफ्ट सुटायची वेळ, सगळे कामगार रांगेत उभे. त्यांत तिच्या गल्लीतलेही होते. ती सरळ आमच्याकडे आली. शनिवार नव्हता, त्यामुळे आईला आधी आनंदच झाला. मग तिचा चेहरा पाहून आईनं हातातलं ठेवलं.

"ताई, मले चोर म्हणे हो," एवढंच ती मला म्हणाली. एरवी आमच्याशी ती जपून पुस्तकी मराठी बोलायची. त्या दिवशी तिच्या घरची भाषा बाहेर आली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "रडू नकोस. इथली नक्कल शाबूत आहे. मशीन मी उभं करते, आणि मग बघते कोण काय म्हणतं ते." शेठ शनिवारी मुंबईहून येणार होते. तोवर मला फॅक्टरीत पाऊल ठेवायची बंदी. मी फोनवर फक्त एवढंच शेठना सांगून ठेवलं की मला तुमच्यासमोर एक तास द्या.

शनिवारी सकाळी मी बाहेर असताना फॅक्टरीचा शिपाई आमच्या घरी आला. छोटे शेठनी पाठवलेला. त्यांचा बेत असा, की चोरीचा माल परक्या घरातून आणायचा आणि काकांसमोर डबा उघडून दाखवायचा. शिपाई आईला म्हणाला, "माँजी, शोभाबेनचा डबा राहिलाय ना तुमच्याकडे? साहेबांनी मागवलाय." गेल्या खेपेला घाईत तिचा डबा आमच्याकडेच राहून गेला होता. आईनं त्याला बसवलं, चहा दिला. फ्लॉप्या तर पापडाच्या डब्यातच होत्या. मग रिकामा डबा द्यायचा कसा? आदल्याच दिवशी तिनं बेसनाचे लाडू केले होते. डबा काठोकाठ भरला, वर कागद घातला, झाकण दाबून लावलं आणि म्हणाली, "सांभाळून ने हो, कलंडू नकोस." तो बिचारा दोन्ही हातांनी बॉम्ब धरावा तसा डबा धरून निघाला.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेठ खुर्चीत, मॅनेजर उभे, शोभा दाराशी, मी घरून फ्लॉप्या घेऊन नुकतीच पोचलेली. छोटे शेठ म्हणाले, "काका, अब देखिए, आपला माल कुठं कुठं जातो," आणि फटकन झाकण उघडलं. तुपाचा वास खोलीभर पसरला. त्यांनी वरचा लाडू उचलला, खालचा उचलला, तळापर्यंत बोटं घातली. शेठ आधी बघत राहिले, मग पोट धरून हसायला लागले. त्यांनी एक लाडू घेऊन खाल्लाही. "बेसन घर का है," म्हणाले.

मला मात्र हसू आलं नाही. मी पिशवीतून फ्लॉप्या काढून टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. नक्कल बाहेर का ठेवतात, ती कुणाच्या परवानगीनं बाहेर येत होती, ती आणणाऱ्या बाईला त्याबद्दल काहीही मिळत नव्हतं. मॅनेजरांना तेव्हा कुठे आठवलं. म्हणाले, "हां, शायद एक बार बात हुई थी." छोटे शेठना माझ्याकडून काही चूक काढायची होती. ते म्हणाले, "आणि ही मॅडम घरी बसून सगळं वाचत असेल, त्याचं काय?"

मी सांगितलं, "शेठ, मी हमालासारखी आहे. पेटी उचलते, पोचवते, पेटी उघडत नाही. एकदा जरी उघडली असं कळलं, तर तुम्हीच काय, सगळं सिल्वासा मला दार बंद करेल." शेठनी मान डोलावली. धंदेवाल्याला ही गोष्ट लगेच समजते.

मग मी कामाला बसले. माझ्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन चालू केलं, आतलं सगळं पुसलं, प्रोग्राम नव्यानं भरला आणि नक्कल एकेक करून उतरवायला लागले. शोभा शेजारी उभी, हातात पुढची फ्लॉपी. ड्राइव्ह करकर करायचा, थांबायचा, मग पुढं जायचा. शेवटून दुसरी फ्लॉपी अडली. काढली, हलक्या हातानं आपटली, परत घातली. परत अडली. शोभानं डोळे मिटले. तिसऱ्यांदा वाचली गेली. पडद्यावर तिनंच भरलेल्या ओळी खाली खाली सरकायला लागल्या तेव्हा तिनं माझा खांदा इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता. छोटे शेठच्या खिशातली खेळाची फ्लॉपी मी मागून घेतली आणि तपासून दाखवली. रोग तिच्यातच होता.

गेल्या नकलेनंतरच्या आठवड्याचं काम मात्र गेलंच होतं. शोभा म्हणाली, "मी भरते." माल पाठवल्याची चलनं समोर घेऊन दोन दिवस खाली मान घालून तिनं सगळं परत भरलं. एकही नोंद सोडली नाही. मग शेठ मुंबईला परत निघाले तेव्हा ती तशीच अनवाणी त्यांच्या गाडीपाशी गेली. मीही तिथं होते.

"शेठ, मशीन साफ झालं. आता माझं नाव साफ करा."

"अरे बेन, वो तो हो गया. कोई तुम्हें कुछ नहीं बोलेगा."

"खोलीत झालं. पिशवी गेटवर उघडली होती. शिफ्ट सुटताना, सगळ्यांसमोर. छोटे शेठनी तिथंच, तेव्हाच सांगायचं, की या बाईनं काही नेलं नाही. बस, एक वाक्य."

शेठ हसले. चांगले होते हो, वाईट नव्हते. म्हणाले, "छोटी बात है, भूल जाओ. पगार बढ़ा देता हूँ." पुतण्याला गेटवर उभं करणं काही त्यांना जमणारं नव्हतं. शोभानं कुलपाची किल्ली त्यांच्या हातात दिली, मागे जाऊन थंड खोलीबाहेरच्या आपल्या चपला पायात सरकवल्या आणि गेटमधून निघून गेली. पिशवी तिनं स्वतः उघडून पहारेकऱ्यापुढे धरली. त्यानं मान खाली घातली.

ती दोनच दिवसांनी आईला भेटून गेली. नवऱ्याचं कंत्राटही संपत आलं होतं, म्हणाली, बघू, आधी गावी, मग सुरत नाहीतर नाशिक. "पत्र टाकते, मावशी." आईनं तिची ओटी भरली. मी नोकरीधंद्यातली माणसं येतात-जातात म्हणून फारसं मनावर घेतलं नाही, त्यात माझ्या मोपेडचा टायर बसला होता, मी बाहेर त्याच्याशी झटत होते. ती जाताना म्हणाली, "येते, ताई," आणि मी "हो, ये" म्हटलं. पत्र आलं नाही. तिच्या खोलीवर चौकशी केली तर दुसरेच लोक राहायला आलेले. नवऱ्याच्या कंत्राटदारालाही गाव माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की अमळनेरकडं, बोरीच्या काठी.

त्या फॅक्टरीचं काम मी सोडलं नाही. पोटाचा प्रश्न होता. दर शनिवारी दुसराच कुणी माणूस फ्लॉप्या आणून द्यायचा, चहाही न घेता जायचा. एका शनिवारी आई म्हणाली, "अगो, त्या फॅक्टरीतल्या सगळ्या माणसांचे पत्ते तिनंच भरले होते ना? म्हणजे तिचा स्वतःचाही यात असेल. मूळ गाव, सगळं. बघ की जरा."

मला हे आधीच सुचलं होतं. म्हणूनच मी पटकन बोलले, "आई, ते आपलं नाही. मी शेठना काय सांगितलं होतं?"

"त्या शेठना काय करायचंय तिच्या पत्त्याचं? तुला नको असेल, मला हवाय."

"नाही उघडायची मी."

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलली, पण हा विषय निघाला की उठून जायची. वर्षं गेली. शेवटच्या आजारपणात तिनं एकदा विचारलं, "शोभाचं काही कळलं का गो?" मी नाही म्हटलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. माझ्या धंद्याचा मला अभिमान आहे, अजूनही आहे, आणि त्या क्षणी मला तो धंदा नकोसा झाला होता.

ती फॅक्टरी आता नाही. शेठही नाहीत. नक्कल परत न्यायला कुणी आलंच नाही, त्यामुळे फ्लॉप्या माझ्याकडेच आहेत, आणि त्या वाचणारा जुना ड्राइव्हही मी ठेवलाय. पाच मिनिटांचं काम आहे. भाचा म्हणतो, "मावशी, आता मालकच उरला नाही, कुणाचं काय जातंय?" त्याला कसं समजावू, की तो पत्ता शोभानं फॅक्टरीला दिला होता, मला नाही. तिची पिशवी एकदा तिला न विचारता उघडली गेली, म्हणून तर ती गेली. मीही तेच करू?

संपादकांनी कामाच्या आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा मी आधी नको म्हणाले होते. मग मनात आलं, दिवाळी अंक अमळनेरलाही जात असेल, सुरतेला आणि नाशिकलाही. म्हणून तुझं नाव बदललेलं नाही, शोभा. तुला समुद्र बघायचा राहिलाय आणि मला तुला बघायचंय. संपादकांकडे माझा पत्ता आहे. तुझा तू कळव.